घर तपासणाऱ्यांना परवाना कोणी द्यावा?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या सदनिकेचा ताबा घेण्यापूर्वी ती पैसे देऊन एखाद्या खासगी तपासणीसाकडून तपासून घेण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत मुंबईत बरीच रुळली आहे. या कामासाठी कंपन्या निघाल्या आहेत, चौरस फुटाच्या हिशेबाने दर आकारले जात आहेत आणि भिंतीतला ओलावा मोजणारे यंत्र व थर्मल कॅमेरा घेऊन फिरणारी तरुण मंडळी कांदिवलीपासून कांजूरमार्गपर्यंतच्या टॉवरांमध्ये दिसू लागली आहेत. या व्यवसायाला माझा आक्षेप नाही. आयुष्याची कमाई ज्या वस्तूत घालायची ती आधी जाणत्या माणसाला दाखवावी, हे शहाणपणाचेच आहे. मात्र हा जाणता माणूस खरोखर जाणता आहे की नाही, हे ठरवणारी कोणतीही यंत्रणा आपल्याकडे नाही. ज्या शहरात नळजोडणीचे काम करणाऱ्या प्लंबरला महापालिकेचा परवाना लागतो, विजेची जोडणी परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागते आणि सदनिका विकून देणाऱ्या दलालालाही 2023 पासून प्रशिक्षण व परीक्षेची अट आहे, त्याच शहरात ‘हे घर निर्दोष आहे’ असे सही-शिक्क्यानिशी सांगणाऱ्या माणसाने काय शिकलेले असावे, याबद्दल एक ओळही कुठल्या नियमात नाही.

यावर उपाय काय, याविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, सरकारने परवाना सुरू करावा. दुसरे असे की, सरकार मध्ये आले की चिरीमिरी आणि कागदी घोडे आलेच, तेव्हा व्यावसायिकांनी आपली संघटना उभारून आपणच शिस्त लावून घ्यावी. बांधकामाच्या साइटवर स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी केलेला आणि सध्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव असलेला मी पहिल्या मताच्या बाजूने आहे. दुसऱ्या बाजूची भीती मात्र मला खोटी वाटत नाही, आणि म्हणूनच परवाना कसा असावा हे तो असावा की नसावा याइतकेच महत्त्वाचे आहे, असे मला वाटते.

स्वनियमनाची अडचण साधी आहे. संघटनेची खरी ताकद सभासदाला बाहेर काढण्यात असते. वकिलाची सनद रद्द झाली तर त्याला न्यायालयात उभे राहता येत नाही; सनदी लेखापालाचे नाव संस्थेच्या नोंदवहीतून काढले तर त्याची सही निरुपयोगी होते. या दोन्ही व्यवसायांचे नियमन त्या त्या व्यवसायातल्याच लोकांच्या हाती दिले गेले असले, तरी त्यामागे अनुक्रमे 1961 चा आणि 1949 चा संसदेचा कायदा उभा आहे. घर तपासणाऱ्यांच्या बाबतीत असा कायदाच नसल्यामुळे, उद्या एखाद्या संघटनेने कामचुकार सभासदाला काढून टाकले, तरी तो परवा दुसऱ्या नावाने पाटी लावून तेच काम करू शकेल. वास्तुविशारदांसाठी निदान 1972 चा कायदा आणि त्याखालील परिषद आहे. स्थापत्य अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय कायदा आजवर झालेला नाही. त्यामुळे घर तपासणारा अभियंता असला तरीही त्याच्या व्यावसायिक वर्तनाची तक्रार नेमकी कोणाकडे न्यायची, हा प्रश्न उरतोच. ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे, पण तिथे फार तर नुकसानभरपाई मिळेल. त्या माणसाला पुढचे घर तपासण्यापासून आयोग थांबवू शकत नाही.

बाजार आपोआप चांगल्या-वाईटाची निवड करील, वाईट तपासणीसाला लोक काम देणार नाहीत, असे म्हणणारेही आहेत. हा युक्तिवाद केशकर्तनालयाच्या बाबतीत बरोबर ठरेल, कारण तिथला निकाल आरशात लगेच दिसतो आणि गिऱ्हाईक महिन्याभराने परत येते. घराचे तसे नाही. सामान्य माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर घेतो, आणि मुंबईत घराची खरी परीक्षा घेतो तो पाऊस. बहुतेक ताबे पावसाळ्याबाहेर, दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया असे मुहूर्त साधून घेतले जातात. त्या वेळी भिंती कोरड्या आणि रंग ताजा असतो. पश्चिमेकडच्या भिंतीवर पोपडे धरतात, खिडकीच्या चौकटीखालून ओल उतरते आणि वरच्या स्नानगृहाचे पाणी खालच्याच्या छतावर उमटते, ते दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात. तोवर तपासणीसाला पैसे मिळून गेलेले असतात, त्याच्या संकेतस्थळावरचे पाच तारे ताब्याच्या आठवड्यातच पडलेले असतात, आणि पुढच्या ग्राहकाला तेवढेच दिसतात.

हे किती प्रत्यक्षातले आहे ते सांगण्यासाठी घरातलेच उदाहरण देतो. माझ्या पुतणीने पूर्व उपनगरात सदनिका घेतली तेव्हा तिच्या दलालानेच एक तपासणीस सुचवला. अहवाल देखणा होता. रंगातले डाग, दाराच्या कडेची ओरखड, स्विचच्या पट्टीचा तिरपेपणा, सगळ्याचे रंगीत फोटो आणि त्यावर लाल वर्तुळे. मी तो वाचला आणि तिच्यासोबत जागेवर गेलो. स्वयंपाकघरातल्या फरशा नाण्याने वाजवून पाहिल्या तर ओट्याजवळचा सलग पट्टा पोकळ वाजत होता, म्हणजे खाली सिमेंटचा थर पुरता बसलेला नव्हता. स्नानगृहात बादलीभर पाणी ओतले तर ते नहाणी ट्रॅपकडे न जाता दाराच्या उंबऱ्याशी थांबले. मुख्य पेटीतल्या गळती-संरक्षक स्विचचे चाचणीचे बटण दाबले, तो पडलाच नाही; विजेचा धक्का बसू लागल्यास प्रवाह तोडणारे ते एकमेव साधन आहे. अहवालात यातल्या एकाचाही उल्लेख नव्हता. स्नानगृहात पाणी साठवून एक दिवस ठेवण्याची जी चाचणी जलरोधक थराची खरी कसोटी असते, तिच्यापुढे ‘लागू नाही’ असे लिहिले होते, कारण तपासणीच्या दिवशी पाणी सुरू नव्हते. पाणी सुरू झाल्यावर पुन्हा येण्याची तसदी त्याने घेतली नाही. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते की, कोणत्याही परिस्थितीत तपासणीसाची जबाबदारी त्याने घेतलेल्या शुल्काच्या रकमेपुरतीच मर्यादित राहील.

हा माणूस अडाणी होता असे मला वाटत नाही. त्याला काम दलालाने दिले होते आणि पुढचे कामही दलालच देणार होता. दलालाचे पैसे व्यवहार पुरा होण्यावर अवलंबून होते. रंगाच्या डागांनी व्यवहार मोडत नाही, पोकळ फरशी आणि उलटा उतार यांनी ताबा लांबू शकतो. तपासणीसाला कोणी काही सांगावे लागले नसेल. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

याहून गंभीर परिणाम पुढे होतो. स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम 14 नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा सेवांचा दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हे ग्राहकाच्या हातातले फार मोठे शस्त्र आहे. पण अपुरी तपासणी ते बोथट करते. दोन वर्षांनी गळती सुरू झाली की विकासकाची माणसे ताब्याच्या वेळचाच अहवाल पुढे करतात आणि म्हणतात, तुम्हीच नेमलेल्या तज्ज्ञाला तेव्हा काही आढळले नाही, तेव्हा हा दोष तुमच्या अंतर्गत सजावटीच्या कामामुळे झाला असणार. म्हणजे ग्राहकाने पैसे मोजून स्वतःविरुद्धचा पुरावा तयार करून घेतलेला असतो.

आता परवान्याबद्दलची शंका. मुंबईकराला ती यावी यात नवल नाही, कारण परवानाधारकांच्या सहीची किंमत त्याने पाहिली आहे. राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे लागते. किती सोसायट्यांमध्ये ते प्रमाणपत्र पंप न चालवता, केवळ पैसे पाठवून मिळते, हे कोणत्याही सचिवाला खासगीत विचारा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल 14 मार्च 2019 रोजी कोसळून सात जणांचा जीव गेला. त्या पुलाची संरचनात्मक तपासणी आधी झालेली होती आणि त्याला किरकोळ दुरुस्तीच्या गटात टाकण्यात आले होते. तपासणीस महापालिकेनेच नेमलेला होता. तेव्हा सरकारी शिक्का म्हणजे सुरक्षितता, असा भाबडा समज मी बाळगत नाही आणि वाचकांनीही बाळगू नये.

तरीही त्या घटनेनंतर काय झाले हेही पाहायला हवे. तपासणी करणाऱ्याला अटक झाली, कारण त्याचे नाव, त्याची सही आणि त्याने कोणत्या गटात पूल टाकला याची नोंद महापालिकेच्या दप्तरात होती. घर तपासणाऱ्यांच्या अहवालांची अशी नोंद कुठेच नाही. तो ग्राहकाच्या ईमेलमध्ये पडून असतो, आणि त्याच तपासणीसाने त्याच इमारतीतल्या दुसऱ्या सदनिकेबद्दल काय लिहिले हे कोणालाच कळत नाही. माझ्या मते परवान्याचा खरा उपयोग इथे आहे. तो मिळवण्याच्या परीक्षेपेक्षा, तो हातात असल्यामुळे माणसावर जी बंधने घालता येतात आणि जी नोंद ठेवता येते, ती अधिक मोलाची.

परदेशांत हा प्रश्न जुना आहे आणि तिथेही एकमत नाही. अमेरिकेत तपासणीसांची व्यावसायिक संघटना 1976 मध्येच स्थापन झाली, पण पुढे अनेक राज्यांनी केवळ संघटनेवर विसंबणे सोडले. टेक्सासमध्ये स्थावर मालमत्ता आयोगच त्यांना परवाना देतो. कॅलिफोर्नियात आजही परवाना नाही, पण तिथला कायदा वाचण्यासारखा आहे. तपासलेल्या घराची दुरुस्ती तपासणीसाने पुढचे बारा महिने स्वतः करायची नाही. काम मिळवून दिल्याबद्दल दलालाला मोबदला द्यायचा नाही. आणि जबाबदारी शुल्काच्या रकमेपुरती मर्यादित करणारे कलम करारात घातले तर ते अवैध ठरते. पुतणीच्या अहवालातले शेवटचे पान तिथे केराच्या टोपलीत गेले असते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने 2009 मध्ये आणि अल्बर्टाने 2011 मध्ये परवाना सक्तीचा केला. ऑन्टारियोने 2017 मध्ये कायदा संमत केला, पण तो अंमलात आणलाच नाही. इंग्लंडने तर घर विकणाऱ्याने तपासणी-अहवाल देणे बंधनकारक करण्याचे ठरवले, त्यासाठी लोकांनी पदरचे पैसे भरून प्रशिक्षण घेतले, आणि 2006 मध्ये सरकारने ती सक्तीच मागे घेतली. घोषणा आधी आणि विचार मागाहून, ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही, एवढे समाधान त्यातून मिळते.

आपल्याला मात्र इतके लांब जाण्याची गरज नाही. मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने 2017 मध्ये जे नियम केले, त्यात सरकार आणि व्यवसाय यांच्यातली कामाची वाटणी चांगली जमली आहे. मूल्यांकनकारांच्या मान्यताप्राप्त संस्था सभासदांना प्रशिक्षण देतात, त्यांच्या कामावर देखरेख ठेवतात आणि शिस्तभंगाची प्राथमिक कारवाई करतात. पण परीक्षा घेण्याचा, नोंदणी देण्याचा आणि ती रद्द करण्याचा अधिकार भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे आहे. जमीन व इमारत हा त्यातला एक स्वतंत्र वर्गच आहे. ज्या सदनिकेवर बँक कर्ज देते तिची किंमत ठरवणाऱ्यांसाठी देशात अशी चौकट उभी राहते, आणि त्याच सदनिकेचे छत गळते का हे सांगणाऱ्यासाठी काहीच नाही, याचे कारण उघड आहे. किंमत चुकली तर बँक बुडते. छत गळले तर राहणारा बुडतो.

महाराष्ट्रात हे काम महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने करावे. बृहन्मुंबई महापालिकेकडे ते देऊ नये, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. भोगवटा प्रमाणपत्र देणारी संस्था महापालिका आहे. आपणच राहण्यायोग्य ठरवलेल्या इमारतीत दोष शोधणाऱ्यांना परवाना देण्याचा उत्साह तिच्यात कुठून येणार? महारेराकडे दलालांच्या नोंदणीची आणि परीक्षेची व्यवस्था आधीच आहे, प्रत्येक प्रकल्पाचे संकेतस्थळावर स्वतंत्र पान आहे आणि कलम 14 खालच्या तक्रारीही तिथेच येतात. विकासकांच्या बाबतीत महारेराने 2019 पासून स्वयंनियामक संस्थेचे सभासदत्व सक्तीचे केलेले असल्यामुळे, संघटनांकडून काम करून घेण्याचा अनुभवही तिला आहे. अर्थात विकासकांच्या संघटना हे प्रामुख्याने व्यापारी हितसंबंध जपणारे मंच आहेत, आणि तपासणीसांची संघटना त्याच वळणावर गेली तर तिचे नाव काहीही असले तरी ग्राहकाच्या पदरात काही पडणार नाही. म्हणूनच शेवटचा शब्द संघटनेचा नसावा. सनदी लेखापालांसारख्या जुन्या आणि कायद्याने स्थापन झालेल्या व्यवसायातही, मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षणावर देखरेख ठेवण्यासाठी 2018 मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण नेमावे लागले. कालपरवा जन्मलेल्या घरतपासणीच्या व्यवसायाने आपल्यावर आंधळा विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करू नये.

परवान्याच्या अटी थोड्याच असाव्यात, पण त्या नेमक्या असाव्यात. स्थापत्य, वास्तुकला किंवा विद्युत शाखेची पदविका आणि प्रत्यक्ष साइटवरचा अनुभव एवढी पात्रता पुरेशी आहे. पदवीची अट घातली तर अनेक उत्तम जुने सुपरवायझर बाहेर राहतील आणि नुकतेच उत्तीर्ण झालेले आत येतील. विकासक, दलाल किंवा अंतर्गत सजावटीचा ठेकेदार यांच्याकडून काम किंवा मोबदला घेण्यास पूर्ण बंदी हवी. अहवालाचा किमान नमुना महारेराने ठरवून द्यावा. त्यात स्नानगृहात पाणी साठवण्याची चाचणी, नळांच्या दाबाची चाचणी, अर्थिंग, फरशांचा पोकळपणा आणि चटई क्षेत्राचे मोजमाप या बाबी सक्तीच्या असाव्यात, आणि एखादी चाचणी झाली नसेल तर ती का झाली नाही हे ‘लागू नाही’ या दोन शब्दांत न उरकता लिहिलेले असावे. व्यावसायिक उत्तरदायित्वाचा विमा बंधनकारक असावा. त्याचा हप्ता शेवटी ग्राहकाच्याच माथी येईल हे मला मान्य आहे. कोटीच्या घरात ती वाढ सोसण्याजोगी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक अहवालाची प्रत प्रकल्पाच्या क्रमांकाखाली महारेराकडे जमा व्हावी. ग्राहकाचे नाव वगळून ती जपता येईल. एकाच इमारतीतल्या वीस सदनिकांच्या अहवालांत एकाच उभ्या ओळीतल्या स्नानगृहांना गळती दिसली, की दोष एका कारागिराचा नसून डक्टमधल्या पाइपांचा किंवा जलरोधनाच्या ठेक्याचा आहे, हे कोणालाही कळेल, आणि पहिल्या रहिवाशाला एकट्याने भांडावे लागणार नाही.

जुन्या इमारतींतल्या पुनर्विक्रीच्या सदनिकांबाबत एक वेगळी अट हवी. तिथे खरेदीदार चार भिंती तपासून घेतो, पण खांब, तुळया, गच्ची आणि पाण्याच्या टाक्या सोसायटीच्या असतात. तीस वर्षांवरील इमारतींची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे महापालिका अधिनियमाच्या कलम 353ब नुसार बंधनकारक आहे. तो अहवाल सोसायटीच्या कपाटात असतो किंवा असायला हवा. सदनिकेची तपासणी करणाऱ्याने तो मागावा, वाचावा, आणि मिळाला नाही तर तसे आपल्या अहवालात स्पष्ट लिहावे. सचिव म्हणून सांगतो, सदनिका विकत घेणाऱ्या एकाही व्यक्तीने आजवर माझ्याकडे हा कागद मागितलेला नाही; पार्किंगबद्दल मात्र सगळे विचारतात.

परवाना आला की दर वाढतील आणि छोट्या घरांचे खरेदीदार तपासणीच टाळतील, हा आक्षेप उरतो. त्यात तथ्य आहे. त्यावर माझे म्हणणे एवढेच की, तपासणी ग्राहकावर सक्तीची करू नये. ज्याला करायची त्याने करावी, पण करणारा परवानाधारक असावा. शिवाय परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पांत प्रत्येक सदनिकेऐवजी सोसायटीने सामाईक तपासणी करून घेतली तर खर्च विभागला जातो आणि गच्ची व टाक्यांचाही त्यात समावेश होतो. ताब्याआधी सोसायटी स्थापन झालेली असेलच असे नाही, त्यामुळे खरेदीदारांच्या गटालाही तपासणीस नेमण्याची आणि त्याला जागेत प्रवेश मिळण्याची तरतूद लागेल. आज अनेक ठिकाणी सुरक्षारक्षक तपासणीसाला फाटकावरच अडवतात आणि विक्री विभागाचा ईमेल दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. तो ईमेल कधी येईल हे विक्री विभागच ठरवतो, आणि तोवर उरलेली रक्कम भरण्याची मुदत जवळ आलेली असते.

सध्या या व्यवसायात असलेल्यांना बाहेर काढण्याची घाई करू नये. त्यांच्यात काही अतिशय कष्टाळू आणि प्रामाणिक लोक आहेत, त्यांचे अहवाल मी वाचलेले आहेत. नियम जाहीर झाल्यापासून दोन वर्षांची मुदत द्यावी, त्या काळात त्यांनी परीक्षा द्यावी आणि तोवर तात्पुरत्या नोंदणीवर काम करावे. हितसंबंधांवरची बंदी आणि अहवालाची प्रत जमा करण्याची अट मात्र पहिल्या दिवसापासून लागू व्हावी, कारण त्या दोन्हींसाठी ना प्रशिक्षण लागते ना परीक्षा.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
मुलुंड (पूर्व), मुंबई